भाच्यावर हात उचलत नाहीत

शहाद्याच्या बस स्टँडमागे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं आणि त्या दुकानाच्या मागच्या खोलीत व्हिडिओ गेमचं एक मशीन होतं. त्या मशीनवर माझ्या मामाला हरवणारा मी एकमेव माणूस. ही माझी सर्वांत जुनी कामगिरी. पदव्या, नोकरी, लग्न हे सगळं नंतरचं, आणि त्यातल्या कशाचंही वर्णन मी इतक्या वेळा केलेलं नाही. बायकोला मी ही गोष्ट लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत सांगितली. तिने "अच्छा" म्हटलं. मुलीला तर ती चालायला लागण्याआधीपासून ऐकवली आहे.

मी इतिहास शिकवतो. जिंकणाऱ्याने स्वतः लिहून ठेवलेल्या विजयावर विश्वास ठेवू नका, दुसरं साधन शोधा, हे मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना जून-जुलैत सांगतो. स्वतःच्या विजयाचं दुसरं साधन शोधायला मात्र मला तीस-बत्तीस वर्षं लागली. खरं तर शोधायचं नव्हतंच. संशय होता, पण संशयाला घरात ठेवून घेण्याची माणसाला सवय होते.

मामा म्हणजे माझ्या आईचा सर्वांत धाकटा भाऊ. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. वडील तेव्हा मोलगीकडच्या शाळेवर होते, तिथे पावसाळ्यात जीपही जात नसे, म्हणून मला शिकायला आजोळी ठेवलं होतं. गाव शहाद्याजवळच, लोणखेड्याच्या अलीकडे. मामा आणि मी एकाच सायकलवर शाळेत जायचो, एकाच ताटात जेवायचो, आणि मी त्याला अरे-तुरे करत असलो तरी हाक मात्र मामा म्हणूनच मारायचो. आठवीतल्या मुलाला सहावीतला मुलगा "ओ मामा" म्हणतो म्हणून शाळेत सगळे हसायचे. शेवटी अर्धी शाळा त्याला मामाच म्हणायला लागली.

मामाने मला आयुष्यात एकदाच मारलं. मी नऊ वर्षांचा असेन. सायकलची घंटा मी काढून घेतली होती, ती देईना, म्हणून त्याने एक कानाखाली वाजवली. आजोबा, म्हणजे त्याचे वडील, ओट्यावर दोरखंड वळत बसले होते. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. दोरखंड बाजूला ठेवून एवढंच म्हणाले, "भाचाले मारं तू?"

आमच्याकडे भाच्यावर हात उचलत नाहीत. मामाने भाच्याच्या पाया पडायचं असतं, भाचा तान्हा असला तरी. हे लहानपणी ऐकून माहीत होतं, पण त्याची अंमलबजावणी मी त्या दिवशी पाहिली. आजोबांनी ताट मागवलं, तांब्याभर पाणी मागवलं, मला पाटावर बसवलं. गल्लीतली निम्मी माणसं गोळा झाली. अकरा वर्षांच्या मामाने माझे पाय धुतले, डोकं टेकवलं, नारळ दिला. आजोबा म्हणाले, "भाचा म्हंजे देव. ध्यानमा ठेव."

मामाने ध्यानात ठेवलं. देवाने मात्र पुढचे आठ दिवस त्या घंटेचा असा वापर केला की आजोबांनी शेवटी ती जप्त केली.

मशीन आलं ते मी आठवीत असताना. दुकान ज्यांचं होतं त्यांना सगळे चाचा म्हणत. टीव्ही दुरुस्तीत त्यांच्या हाताला तालुक्यात तोड नव्हती, आणि ते मशीनही त्यांनी कुठून तरी बंद पडलेलं आणून स्वतःच जिवंत केलं होतं. पूर्ण मात्र झालं नव्हतं. त्याच्या पडद्यातला लाल रंग मेलेला होता. गेम मारामारीचा होता, सपाट पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी आणि एकमेकांना रक्तबंबाळ करतायत असा. त्यात रक्त इतकं उडायचं की ते नुसतं पाहायला माणसं खोलीच्या दारात उभी राहायची. पण लाल नसल्यामुळे ते रक्त शाईसारखं निळं-काळं दिसायचं. आम्ही त्याला शाईच म्हणत होतो. "काय शाई काढी यार त्याने" ही आमच्या वर्गातली सर्वोच्च प्रशंसा होती. शिक्षकांना ती अभ्यासाविषयी वाटत असावी, कारण कोणी कधी हरकत घेतली नाही.

लढणाऱ्यांची नावं पडद्यावर इंग्रजीत यायची. ती वाचण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. आम्ही आमची नावं ठेवली. गळ्यात साखळी असलेला टकला तो कुलूप. लांब वेणीची बाई ती मॅडम. तोंडाला फडकं बांधलेला, फक्त डोळे दिसणारा एक होता. जगात इतरत्र त्याला काहीही म्हणत असोत, आमच्याकडे तोंडाला फडकं बांधून माणूस एकच काम करतो, कपाशीवर औषध मारतो. म्हणून तो फवारणीवाला. मामा नेहमी फवारणीवालाच घ्यायचा. मी कुलूप घ्यायचो, कारण त्याला फारसं काही यायचं नाही, आणि मलाही.

समोरचा पार अर्धमेला होऊन जागच्या जागी डुलायला लागला की जिंकणाऱ्याला दोन-तीन सेकंद मिळत. तेवढ्यात ठरावीक बटणं ठरावीक क्रमाने दाबली तर शेवटचा प्रकार व्हायचा. मुंडकं हातात येणं, माणूस उभा चिरला जाणं, असलं काहीतरी. आम्ही त्याला निकाल म्हणत होतो. तो क्रम ज्याला येई तो मोठा माणूस. मामाला फवारणीवाल्याचे तीन निकाल येत होते. मला कुलपाचा एक येत होता, तोही मामानेच शिकवलेला.

चाचांनी भिंतीवर खडूने एकच नियम लिहिला होता: हारनेवाला उठेगा. जो हरला त्याने स्टुलावरून उठायचं, जिंकणारा बसून राहणार, पुढचा येऊन टेकणार. मामा दुपारी बसला की शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत उठत नसे. शहाद्याची मुलं यायची, तळोद्याची यायची, एकदा खांडबाऱ्याहून दोघं जण केवळ त्याच्याशी खेळायला आले आणि शाईत न्हाऊन परत गेले. कॉलेजची मोठी पोरं सुद्धा त्याच्यासमोर बसताना बोटं मोडून घ्यायची. मामाची बोटं बटणांवर पडताना आवाज येत नसे. बाकी सगळे धान्य कांडल्यासारखे खेळायचे. चाचा खोलीच्या दारातून, तोंडात सोल्डरची तार धरून, ओरडायचे, "बटन दबाने का है, कूटने का नहीं." हे बहुतेक वेळा मला उद्देशून असायचं.

आणि मग माझा नंबर यायचा, आणि मामा हरायचा.

सहज हरायचा असं नाही. प्रत्येक वेळी मी मरता मरता वाचायचो. माझ्या कुलपाच्या डोक्यावरची जिवाची पट्टी केसाएवढी उरायची आणि त्याच वेळी मामाचा फवारणीवाला एक उडी चुकायचा, किंवा एक लाथ उशिरा मारायचा, आणि मी दोन्ही हातांनी बटणं कुटत त्याला संपवायचो. मग मी निकाल लावायचो. मामा मशीनच्या बाजूला एक लाथ घालायचा, चाचा त्याला शिव्या द्यायचे, आणि मामा मान खाली घालून उठायचा. मी स्टुलावर बसायचो. माझ्यानंतर जो कोणी यायचा तो मला दीड मिनिटात उठवायचा.

म्हणजे मामा सगळ्यांना हरवत होता, सगळे मला हरवत होते, आणि मी मामाला हरवत होतो. तर्कशास्त्रात याचं काहीतरी नाव असेल. मी तेव्हा याला माझी शैली म्हणत असे. मामाचा खेळ फक्त मलाच कळतो, असं माझं मत होतं आणि ते मी एसटीत मोठ्याने मांडत असे. मामा खिडकीबाहेर उसाकडे बघत ऐकून घ्यायचा. म्हणायचा, "तुन्हा हातमा काहीतरी शे भाचे."

एकदा माझ्या अशाच एका विजयानंतर चाचा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेरा मामा बहुत बड़ा खिलाड़ी है." हरलेल्या माणसाची ते चेष्टा करतायत असं समजून मी जोरात हसलो. चाचा हसले नाहीत. ते पुन्हा आपल्या टीव्हीत डोकं घालून बसले.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. मामाचं शहाद्यात कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं आणि औषधं. म्हणजे फवारणीवाले रोज त्याच्याच दुकानात उभे असतात. मी नंदुरबारला असतो. आमच्या घरापासून थोडं पुढे गेलं की मिरची वाळवायच्या पथाऱ्या लागतात. हंगामात मैलभर लाल जमीन, आणि त्या दिवसांत आमच्या वर्गात शिकवण्यापेक्षा शिंकणं जास्त होतं.

यंदा मुलगी सुट्टीत आली ती तिच्या लॅपटॉपवर जुन्या मशीनांची नक्कल करणारं एक सॉफ्टवेअर घेऊन. म्हणाली, "बाबा, तुमचा तो गेम सापडला." मी चष्मा पुसून बसलो. संगीत ओळखीचं, कुलूप ओळखीचा, वेणीवाली मॅडमही तीच. मग पहिला ठोसा लागला आणि लाल रक्त उडालं. पथारीवरच्या मिरचीसारखं लालभडक. मला एकदम कोणीतरी खोटं बोलल्यासारखं वाटलं. मी मुलीला म्हणालो, "हे चुकीचं आहे. याचा रंग निळा असतो." तिने माझ्याकडे पाहिलं. मुलं आईवडिलांचं वय मोजताना बघतात तशी.

मग ती म्हणाली की हा गेम दोन गावांतून दोघांना एकमेकांशी खेळता येतो. समोरचा कोण ते कळायची गरज नसते, कसलंही नाव घ्यावं.

तो संशय, जो इतकी वर्षं घरातल्या घरात गुण्यागोविंदाने नांदत होता, उठून उभा राहिला.

मुलगी दोन दिवसांनी कामासाठी शहाद्याला गेली तेव्हा तिने मामाच्या दुकानातल्या संगणकावर गेम बसवून दिला. मामा आधी नको म्हणाला, मग दोन तास खुर्चीवरून उठला नाही, गिऱ्हाईक दारात उभं. मी तिला पढवून पाठवलं होतं. तिने सांगितलं की सुरतला एक माणूस आहे, चांगला खेळतो, रविवारी दुपारी तुमच्याशी खेळेल. मामा म्हणाला, येऊ दे. मुलीने फोनवर मला विचारलं, "बाबा, तुम्हाला नक्की काय हवंय यातून?" मी म्हणालो, साधनाची तपासणी. ती म्हणाली, "हरलात तर रडू नका."

रविवारी जेवण झाल्यावर मी मुलीच्या लॅपटॉपवर सुरतवाला नाव घेऊन बसलो. कुलूप घेतला. पलीकडे फवारणीवाला उभा राहिला.

पहिला डाव पाऊण मिनिटही चालला नाही. मी उडी मारली की तो आधीच तिथे असायचा. मी मागे सरलो की लाथ मागूनच यायची. तोपर्यंत मी मामाचा खेळ नेहमी शेजारच्या स्टुलावरून पाहिला होता, आता पहिल्यांदा समोरून पाहत होतो, आणि भीती वाटण्याइतका तो सुंदर होता. एकही ठोसा वाया जात नव्हता. मी डुलायला लागलो, त्याने निकाल लावला. दुसऱ्या डावात दुसरा निकाल. तिसऱ्या डावात मी कसाबसा एक ठोसा लगावला, त्यानंतर मला काही करता आलं नाही. तिसरा निकाल लावताना त्याने घाई केली नाही. मला दोन सेकंद डुलू दिलं, मग शांतपणे बटणं दाबली. कुलपाची साखळी काढून तिनेच कुलपाचा गळा आवळला. लॅपटॉपचा सगळा पडदा लाल झाला.

म्हणजे मी कधीच जिंकलो नव्हतो.

वाईट वाटेल अशी मी तयारी केली होती. तसं वाटलंही. पण पाच मिनिटांत फोन वाजला आणि पलीकडून मामाचा आवाज पंधरा वर्षांच्या मुलासारखा आला.

"भाचे, काय करी ऱ्हायना?"

"काही नही. बठेल शे."

"आज एक सुरतवाला उना व्हता गेमवर. तीन डाव खेळनू. तिन्ही डावमा त्याले उभा ऱ्हाऊ दिधा नही."

"कसा खेळे तो?"

"खेळे कसाना. बटनं कुटे. तुन्हासारखाच."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. शहाणा माणूस "वा" म्हणून फोन ठेवतो. पण मला माझी तपासणी पूर्ण करायची होती, आणि थोडा रागही आला असावा, त्या कुटण्याच्या शेऱ्याचा. मी म्हणालो, "मामा, तो सुरतवाला मीच व्हतू."

तो हसेल असं मला वाटलं. पलीकडे दुकानातला पंखा ऐकू येत होता. तो म्हणाला, "काय बोली ऱ्हायना तू." मग हळू आवाजात, "तीनदा. मी तुले तीनदा मारं." आणि फोन ठेवला. मी परत लावला तर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मामाची मोटारसायकल आमच्या दारात थांबली. मामा आता वजनदार माणूस आहे, सर्व अर्थांनी. तालुक्यात कुठेही उद्घाटन असलं की खुर्चीवर असतो. त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत नारळ, उपरणं, टोपी. चहा नको म्हणाला. माझ्या बायकोला म्हणाला, "सूनबाई, एक ताट नि तांब्याभर पानी दे."

तेव्हा मला समजलं आणि मी खुर्चीतून उठलो. "मामा, कसाले हाई? तो चित्रमधला मानूस व्हता."

"मानूस चित्रमधला व्हता," मामा म्हणाला. "बटन मन्हा हातमा व्हतं."

मी परत खुर्चीत बसलो.

मला आजवर शाल-नारळ बऱ्याच वेळा मिळालंय. शिक्षक दिनाला, संस्थेच्या वर्धापनदिनाला, एकदा तर दुसऱ्या कोणाऐवजी चुकून. त्या वेळी काय चेहरा करायचा हे मला चांगलं जमतं. त्या सकाळी जमलं नाही. मामा गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत खाली बसला. त्याचा डावा गुडघा आता फारसा वाकत नाही, तो पाय त्याने बाजूला लांब केला. माझी पावलं ताटात घेतली, पाणी घातलं, उपरण्याने पुसली, डोकं टेकवलं. टक्कल पडलेल्या जागी घाम होता. नऊ वर्षांचा असताना मी पाटावर ऐटीत बसलो होतो. आता मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि पाय त्याच्या हातात होते. फसवून पाप करायला लावलं मी, आणि पाय धुवायचे त्याने.

त्याला उठायला मी हात दिला. टोपी त्याने माझ्या डोक्यावर नीट बसवली, मागे सरकून पाहिली, पुन्हा सरळ केली. मग आता सगळं झालं अशा आवाजात म्हणाला, "आन चहा."

चहा पिताना मी विचारलं. इतक्या वर्षांनी विचारायला हरकत नव्हती. "म्हंजे तव्हय तू मुद्दाम हारे?"

मामाने बशीत चहा ओतला. "हारनं सोपं शे," तो म्हणाला. "तुले समजाले नही पाहिजे, तठे डोकं लागे."

"आणि मशीनला लाथ?"

"ती चाचानी सांगेल व्हती. म्हने, इतनी शांतीसे हारेगा तो लौंडा समझ जाएगा."

बायको हसायला लागली ती थांबेना. तिला लग्नाआधीपासूनची थकबाकी वसूल झाल्यासारखं वाटलं असणार.

लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. मामाचं लक्ष तिकडे गेलं, माझंही. आम्ही दोन खुर्च्या शेजारी शेजारी ओढल्या. त्याने फवारणीवाला घेतला, मी कुलूप.

या वेळी मी पडद्याकडे कमी आणि त्याच्या बोटांकडे जास्त पाहत होतो. तेव्हा कधी पाहिलीच नव्हती, मी कुटण्यात गर्क असायचो. कालची सगळी ताकद त्या बोटांत होती आणि ती सगळी उलट्या दिशेला लागली होती. माझा ठोसा जिथे पडणार तिथे तो अर्धा क्षण आधी येऊन थांबायचा. माझी पट्टी संपत आली की दोन पावलं मागे जायचा, मला श्वास द्यायचा, मग एक साधी लाथ मुद्दाम हुकवायचा, आणि ती चूक इतकी खरी असायची की माहीत असूनही मला वाटून गेलं, च्यायला, आज मामाचा हात चालत नाहीये. त्याच्या कपाळावर आठी होती. काल सुरतवाल्याला मारताना ती नसणार.

शेवटी माझी पट्टी केसाएवढी उरली आणि फवारणीवाला डुलायला लागला.

मी थांबलो. बोटं बटणांवर होती, दाबवेनात. वाटलं, सोडून द्यावं, आपोआप पडेल.

मामाने पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, "लाव निकाल. वाट कसानी दखी ऱ्हायना?"

त्याच्या आवाजात चीड होती, खरी चीड, हरणाऱ्या माणसाची. त्यात कसर राहू नये म्हणून तो पस्तीस किलोमीटर मोटारसायकलवर आला होता. मग मीही कसर ठेवली नाही. त्यानेच शिकवलेल्या क्रमाने, दोन्ही हातांनी, टेबल हलेपर्यंत बटणं कुटली. फवारणीवाल्याचं मुंडकं उडून पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. मी टोपीसकट ओरडलो. आतून बायकोने काय झालं म्हणून विचारलं.

मामाने टेबलाच्या पायाला एक लाथ घातली, चांगल्या पायाने. मग दोन्ही हात टेकून, मान खाली घालून, खुर्चीवरून उठला.